पदरातला कंप्युटर

धोंडुबाईनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर घसा फोडून सांगितलं की गाडीत आता एक दगडसुद्धा टाकू नका, चेसी मागून गंजलीय, बांधावर एवढं वजन घ्यायची नाय. पण ऐकणार कोण? तिचं ऐकलं तर गावकीचा नियम मोडतो. चौदा-पंधरा बापये डोक्यावरून दगड आणत होते आणि तिच्याच पिकअपच्या हौद्यात टाकत होते, आणि ती बाई स्टेअरिंगवर बसून बोंबलतेय हे एकाच्याही कानापर्यंत जात नव्हतं. शेवटी तिनं कपाळावर हात मारला आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

दोनशे पावलं गेली नसेल, मागून कडकन आवाज आला. गाडीचं ढुंगण डावीकडं बसलं आणि दोन दगड घरंगळत खाडीच्या चिखलात गेले. धोंडुबाई उतरली, वाकून बघितलं. स्प्रिंगचा पाटा जिथं चेसीला टांगलेला असतो, बरोबर तिथंच डावी पट्टी तुटून उघडी पडलेली. तिनं सगळ्यांकडं एक नजर टाकली. सगळे खाडीकडं बघत होते.

आता हे खाडीकडं बघणं काय प्रकार होता ते सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा हिरामण गेला. पोरगा नाय, एकटी लेक, अपेक्षा. खाडीकाठच्या खारातली अडीच एकर जमीन हिरामणची. त्याचा धाकटा भाऊ गुणाजी, त्याला वाटलं होतं की पोरगी काय उद्या लग्न होऊन जाईल, हक्कसोड लिहून देईल, जमीन घरातच राहील. घरात म्हणजे त्याच्या पोरांकडं. बाराव्याचं जेवण झालं आणि त्यानं कागद पुढं केला. धोंडुबाईनं तो कागद चुलीत घातला आणि दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन सातबाऱ्यावर लेकीचं नाव चढवायचा अर्ज देऊन आली. गुणाजीनं गावकी बसवली. महिपती तेव्हाही पंच होता, आजही आहे. त्यानं सांगितलं, गावाची जमीन जावयाच्या गावाला जाणार, हे चालायचं नाय. कागद होईतोवर हिच्याशी कुणी बोलायचं नाय, हिच्या दारात जायचं नाय, हिचं ऐकायचंसुद्धा नाय. जो बोलेल तो तिच्यासोबत वाळीत.

झालं. सहा वर्षं गाव मुकं झालं. लावणीला गावातली एक बाई आली नाय, बाहेरगावच्या बायका आणून लावणी केली. अपेक्षा रोह्याला कंपनीत लागली, तिथंच जवळ वरशाला खोली घेऊन राहिली, ती म्हणायची, आये, ह्याला कायदा हाय, पोलिसात जा. धोंडुबाई म्हणायची, पोलीस येतील, पकडून नेतील, पण माझ्याशी बोलायला लावतील का गो? ते काय पोलिसांच्या हातात नाय. मग तिनं नवऱ्याची पिकअप चालवायला शिकून घेतली. मिठागराचं मीठ भरायची, पेणला उतरवायची. मिठाचं पाणी गळून गळून चेसी खाल्ली गेली, ती अशी.

आणि आज सर्वपित्री अमावस्येचं उधाण. रात्रीच्या भरतीनं बांधाला खांड पाडली होती, दरवाज्याएवढी. दुपारी साडेबाराला पुन्हा भरती येणार होती आणि ती रात्रीच्याहून मोठी. खांड बुजली नाय तर खाडीचं पाणी सरळ शेतात, आणि भात आत्ताच निसवलेलं. एकदा खारं पाणी बसलं की तीन वर्षं त्या जमिनीत गवतही नीट उगवत नाय. बांध अरुंद, ट्रॅक्टर जात नाय, आणि गावात त्या बांधावर चालेल अशी गाडी एकच. पण ती मागायची कशी? मग सकाळी सहाला तो विशाल, महिपतीचा पुतण्या, धोंडुबाईच्या अंगणात आला आणि तुळशीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला की एक पिकअप मिळाली तर खांड बुजंल. तुळशीला! धोंडुबाईला हसू आलं आणि संतापही आला. पण खांडीच्या आतल्या अंगाला पहिलं शेत अपेक्षाचं होतं. तिनं तुळशीच्या वतीनं चावी उचलली.

तर आता गाडी बांधावर मोडून पडलेली. मागं दगडांचा ढीग, पुढं खांड, मधे ही अशी आडवी की एक माणूससुद्धा पाटी घेऊन पलीकडं जाईना. बापयांनी दगड उतरवले, जॅक लावला, आणि गुणाजीला हाक गेली. तो पुढं उघाडीवरच होता. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, लोखंडाचं, वरखाली सरकणारं. पंचक्रोशीतल्या सगळ्या उघाड्यांची दारं गुणाजीनं जोडलेली. वेल्डिंगचं मशीन आणि डिझेलचा जनरेटर तिथंच चालू होता. चौघांनी तो उचलून गाडीच्या पुढ्यात आणून ठेवला.

गुणाजी आला, वाकला, मान हलवली. भावजयीच्या गाडीखाली शिरतोय हे त्याच्या तोंडावर असं दिसत होतं की जसं कुणी त्याला शेणात लोळायला लावलंय. उघाडीच्या जुन्या दाराची जाड पट्टी आणली, मोजली, कापली. आणि मशीनची दुसरी वायर, ती चिमट्याची, अर्थिंगची, ती त्यानं जनरेटरजवळच पुढच्या बंपरला अडकवून दिली. का? कारण चाळीस वर्षं तो दारं जोडत आलाय. दाराला चिमटा कुठंही लावा, सगळं लोखंडच, करंट कुठूनही जाईल, कोणाचं काय बिघडत नाय.

धोंडुबाईनं तो चिमटा बघितला आणि ती पुढं झाली.

गेल्या साली पेणला रामवाडीत हायवेच्या कडेला एका वेल्डरनं ह्याच गाडीला असंच केलेलं. मागचा हुक जोडायचा होता, पाच मिनिटांचं काम, त्यानं चिमटा पुढं लावला, बॅटरी तशीच. दोन ठिणग्या पाडल्या, काम झालं, शाबास. चावी फिरवली तर गाडी मेलेली. कंप्युटर जळला होता. हल्लीच्या गाडीत इंजिनाला डिझेल किती द्यायचं, कधी द्यायचं, सगळं तो डबा ठरवतो, तो गेला की गाडी म्हणजे पत्र्याचं खोपट. बावीस दिवस गाडी उभी राहिली, मिठाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलं. शेवटी वरशाला अपेक्षाच्या खोलीशेजारी साईराज म्हणून गाड्यांचा वायरमन होता, त्यानं नवा डबा बसवला आणि धोंडुबाईला समोर बसवून पाठ करून घेतलं, पाढे म्हणवतात तसं. आधी बॅटरीची काळी वायर काढायची, मग लाल. मग कंप्युटरचे दोन्ही प्लग. मग चिमटा लावायचा, जिथं जोडायचंय तिथून वीतभर, गंज खरवडून. चिमटा लांब लावला तर करंट वाटेतल्या सगळ्या वायरींतून, बेअरिंगांतून हिंडत जातो, आणि जिथं नाजूक तिथं जाळून जातो.

तिनं तेच सांगितलं, सरळ, मोठ्यानं. "भावजी, चिमटा मागं लाव. आनि बॅटरी काढूंदे आधी, नाय तं गारी जलंल."

गुणाजी गाडीखाली हातोडा ठोकत होता. ठोकणं थांबलं नाय. महिपती बांधाच्या कडेला उभा राहून पाणी बघत होता, तो पाणीच बघत राहिला. विशालनं कान खाजवला. एकालाही काय ऐकू आलं नव्हतं, आणि सहा वर्षांच्या सरावानं ते इतकं बेमालूम जमत होतं की धोंडुबाईला क्षणभर वाटलं, मी बोलले तरी का खरंच?

बरं, म्हणाली ती मनात. ऐकू येत नाय ना. मग दिसतही नसंल.

तिनं बॉनेट उघडलं. दहा नंबरचा पाना घेतला, काळी वायर काढली, मग लाल. केबिनमध्ये शिरली, डाव्या बाजूला डॅशबोर्डच्या खाली हात घातला, खटके उचलून दोन्ही प्लग ओढले. साईराजनं सांगितलं होतं, प्लग काढले की झालं, डबा काढायची गरज नाय. पण तिचा ह्या लोकांवर तेवढाही भरवसा नव्हता. चार नट सोडले, डबा बाहेर काढला, पदरात गुंडाळला, खोचला. मग बंपरवरचा चिमटा काढला, वायर मागं ओढत नेली, कोयत्यानं चेसीचा गंज खरवडला आणि तुटल्या जागेपासून वीतभरावर चिमटा लावला. पंधरा माणसं बांधावर होती. कुणी बघितलं नाय. तिच्याकडं न बघायची सवयच अशी पडली होती की ती पायाखालून गेली तरी ते पाय उचलतील, पण नजर उचलणार नाहीत.

एकट्या गुणाजीनं बघितलं. गाडीखाली उताणा पडलेला तो, त्याच्या नाकापासून हातभरावर वैनीचा हात आला, गंज खरवडला, चिमटा चावला आणि हात गेला. तो थांबला. बोलावं तर बोलता येईना, काढून फेकावं तर कारण सांगावं लागेल. त्यानं काच डोळ्यांवर घेतली आणि रॉड टेकवला. आणि रॉड असा काही धरला म्हणता, एका सुरात, ना चिकटला ना तडतडला. चाळीस वर्षांच्या वेल्डरला त्याचा अर्थ कळायला सांगावं लागत नाय. चिमटा बरोबर जागी आहे हे कळलं, आणि तो जास्तच चिडला.

धोंडुबाई मागं तिवराच्या झुडपाजवळ बांधावर जाऊन बसली, मांडीवर पदर, पदरात डबा.

सव्वादहाला टाका पुरा झाला. पट्टी बसली, जॅक उतरवला, चेसी सरळ. बापयांनी निःश्वास सोडला. विशालनं बॅटरीच्या वायरी सुटलेल्या बघितल्या, त्या जोडल्या, चावी फिरवली. मीटरवरचे दिवे लागले, काही नेहमीचे, काही कधी न लागणारे. स्टार्टर घर्र घर्र घर्र फिरला. इंजिन उचलेना. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

आता बघा, माणसाची जात कशी असते. दहा मिनिटांपूर्वी गुणाजीशिवाय गाव बुडणार होतं. आता सगळे त्याच्यावर तुटून पडले. रामवाडीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, न बोलता माहीत होती. चिमटा बंपरला लावलास तू, आम्ही बघितलं. अक्कल गहाण टाकलीस का? एवढी एकच गाडी आणि ती जाळलीस. एकानं तर सरळ म्हटलं की भावजयीचा राग गाडीवर काढलास आणि गावाला बुडवलंस. महिपती सगळ्यांच्या पुढं आला.

"गुणाजी, जाललीस तू गारी."

"नाय जालली. चिमटा फुडं नव्हता. मागं होता."

"मागं कुनी लावला?"

गुणाजीनं हातातली काच पुसली. त्याच्या कामावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्यातून सुटायला एकच नाव होतं, आणि ते नाव घेतलं की तो सहा वर्षं ज्या नियमाच्या खांबाला टेकून उभा होता तो खांब त्याच्याच अंगावर येणार होता. तो घामानं भिजला होता, भुवईवर राख. बोलला तर वाळीत, नाय बोलला तर गाव बुडवणारा. धोंडुबाई लांबून बघत होती आणि तिला, खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

पण बरं वाटणं फार वेळ टिकलं नाय. खाडी फुगत आली होती. खांडीच्या तोंडाशी पाणी आलं, आधी जिभेसारखं आत घुसलं, मग रुंद झालं. बांधाखाली पहिलं शेत, अपेक्षाचं. त्या शेताच्या कोपऱ्यात भाताच्या बुंध्याशी पाणी चमकायला लागलं. आषाढात त्याच कोपऱ्यात ती गुडघाभर चिखलात एकटी उभी राहिली होती. उठून डबा लावावा, पायांनी तर ओढ घेतली होती. तिनं पाय दाबून धरले. आज उठले तर उद्यापासून पुन्हा तुळशीशीच बोलणार हे लोक, अपेक्षाच्या लग्नात मांडव घालायला एक हात लागायचा नाय, आणि मी मेले तर खांदेकरी रोह्याहून आणायचे. जाऊंदे कोपरा.

तेवढ्यात विशालनं डॅशबोर्डखाली लोंबणारे प्लग बघितले आणि ओरडला की कंप्युटर जळला नाय, कंप्युटरच नाय. पंधरा माना एकदम वळल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा गाव धोंडुबाईकडं बघत होतं, म्हणजे तिच्या पदराकडं.

महिपती खाकरला. त्यानं तिवराच्या झुडपाकडं तोंड केलं आणि म्हणाला, ज्याच्याकडं डबा असेल त्यानं आणून लावावा, गावाचं काम आहे.

"कोन बोल्ला?" धोंडुबाईनं विचारलं. "मला कायच ऐकू नाय आलं."

महिपतीनं तेच पुन्हा झुडपाला सांगितलं, जरा मोठ्यानं.

"झारालाच सांग मग, गारी चालवायला."

कुणीतरी म्हणालं, ओढून घ्या. विशाल दोन पावलं पुढं झाला. तिनं डबा खाडीच्या बाजूला धरला, पाण्यावर, एका हातात. विशाल जागीच थांबला. पाणी कोपऱ्यातून दुसऱ्या वाफ्यात उतरत होतं.

मग गुणाजी चालत आला. हळू नाय, तरातरा, भांडायला आल्यासारखा. समोर उभा राहिला.

"वैनी, डबा दे."

सहा वर्षं. धोंडुबाईनं डबा पाण्यावरच धरून ठेवला. दात आवळून विचारलं, "क्याला?"

"पानी चढतंय. दिसत नाय?"

"कुनाच्या शेतात चढतंय?"

गुणाजीनं मागं बघितलं. महिपती बघत होता, सगळे बघत होते. "तुला माहीत हाय."

"मला माहीत हाय. तुज्या तोंडानं सांग. कुनाच्या शेतात पानी चढतंय, भावजी?"

भाताच्या तिसऱ्या वाफ्यात पाणी शिरलं. गुणाजीचा जबडा हलला. त्यानं एकदा तिच्याकडं असं बघितलं की माणसं खून करतात ते अशाच डोळ्यांनी.

"अपेक्षाच्या," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"अपेक्षाच्या शेतात. हिरामणच्या पोरीच्या. झालं? दे आता."

धोंडुबाई उठली. डबा त्याच्या हातात दिला नाय, स्वतः चालत गेली. बॅटरीच्या वायरी पुन्हा काढायला लावल्या, डबा बसवला, नट आवळले, दोन्ही प्लग खटक्यापर्यंत दाबले, मग लाल वायर, मग काळी. तिला घाई करायला सांगायची कुणाची हिंमत झाली नाय. चावी अर्धी फिरवून दिवे विझायची वाट बघितली. मग पूर्ण फिरवली. गाडी पहिल्या दणक्यात उचलली.

त्यानंतर दोन तास कुणाला बोलायला फुरसत नव्हती. ह्या वेळी ती म्हणाली बास की दगड टाकणारे हात थांबत होते, तिच्याकडं न बघता का होईना, पण थांबत होते. सात खेपा झाल्या. दगड, मग गोणी, मग चिकणमाती, वर पुन्हा दगड. पट्टीचा टाका हलला नाय. साडेबाराला भरती आली, बुजवलेल्या खांडीच्या माथ्यापासून वीतभर खाली थांबली, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग माघारी गेली. अपेक्षाच्या शेतातले तीन वाफे गेले. बाकी गावाचं एक रोप भिजलं नाय.

बापये उघाडीवर हातपाय धुवायला बसले. महिपती तोंडावर पाणी मारत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की खांडीच्या वेळचं बोलणं धरायचं नाय, ते गावाच्या कामात मोडतं. बाकी ठरलंय ते ठरलंय. माना डोलल्या. मघाशी ज्या पाण्याकडं सगळे बघत होते त्याच पाण्याकडं पुन्हा बघायला लागले. धोंडुबाईनं ऐकलं. तिनं हातांवरचा चिखल झटकला. तीन वाफे घालवून मिळालेला एक शब्द, तो पण ह्या माणसानं तोंड धुता धुता वाहून टाकला. ती गाडीत चढायला वळली.

गुणाजी वायर गुंडाळत होता. चिमटा त्याच्या हातात आला, त्यानं तो उलटासुलटा बघितला आणि दाणकन जमिनीवर टाकला.

"वैनी," तो ओरडला. "माज्या कामात परत हात घालायचा नाय. चिमटा कुठं लावायचा ते मी ठरवीन."

धोंडुबाईचा पाय पायरीवर होता, तो खाली आला. "तू ठरवलंस म्हनून तं जलली असती माजी गारी."

"चालीस वर्सं लोखंड जोरतोय मी."

"दरवाजे जोरतोस. दरवाज्याला कंप्युटर नसतो."

महिपती ओल्या तोंडानं उठला. "गुणाजी, मी आत्ता काय बोल्लो? कुनाशी बोलतोस तू?"

"बोलत नाय मी, भांडतोय. माज्या वैनीशी भांडतोय, तू मदी परू नको." गुणाजी त्याच्याकडं वळलाही नाय. "नाय तं मला पन टाक वालीत, आनि फुडच्या उधानाला उघाडीचं दार तुज्या धोतरानं बांध."

महिपतीनं धोतराचा सोगा सावरला. गुणाजी पुन्हा भावजयीकडं वळला आणि जमिनीचं काढलं, कागदाचं काढलं, चुलीत घातलेल्या त्या हक्कसोडीचं काढलं, म्हणाला की बाराव्याच्या दिवशी चार लोकांत माझी लाज काढलीस, ते मी मरेस्तोवर विसरणार नाय, शेत पोरीचं म्हणालो म्हणजे सगळं माफ केलं असं समजू नको. त्याचा आवाज खाडीपलीकडं जात होता.

सहा वर्षांत धोंडुबाईशी कुणी भांडलं नव्हतं. तिनं गाडीचं दार लोटून दिलं, पदर कमरेला खोचला, आणि बाराव्याच्या दिवसापासून सुरुवात केली.